लोकलहोस्ट सकाळी उठत नाही: परत परत येणाऱ्या घोळाचा माग

रात्री लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, प्रोजेक्ट व्यवस्थित चालत होता. कोडला कोणी हात लावलेला नाही. सकाळी मशीन सुरू केलं, टर्मिनलमध्ये नेहमीची कमांड दिली आणि सर्व्हर उठायलाच तयार नाही. किंवा उठल्याचं सांगतो, पण ब्राउझरमध्ये पान येत नाही. कोणीतरी म्हणतं, रिस्टार्ट कर. रिस्टार्ट केलं की चालतं. दोन-चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

यावर सल्ले ठरलेले असतात: पोर्ट (ज्या क्रमांकाच्या दारावर सर्व्हर ऐकतो तो) बदल, नोड मॉड्यूल्सचं (प्रोजेक्टच्या पॅकेजेसचं) फोल्डर उडव, झॅम्प (अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) काढून पुन्हा टाक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. परत परत येणारा बिघाड बहुतेक वेळा तुमच्या कोडमध्ये नसतो. मशीन सुरू होताना तुम्हाला न विचारता जे जे उठतं, त्यात तो असतो. त्यामुळे पोर्ट कोणी धरलाय एवढ्यावर थांबू नका. त्याला तिथे रोज कोण आणून बसवतं, हे सापडेपर्यंत काम संपलेलं नसतं.

न उघडण्याच्याही तऱ्हा असतात

"साइट उघडत नाही" एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही. ब्राउझर जी ओळ दाखवतो ती शब्दशः वाचा.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे नाव सापडलं, मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. सर्व्हर पडलाय, दुसऱ्या पोर्टवर उठलाय, किंवा दुसऱ्या पत्त्यावर ऐकतोय. सर्व्हरचा आयपी सापडत नाही असा एरर असेल तर पोर्टचा विषयच निघत नाही, होस्ट्स फाइल (नावं आणि आयपी पत्ते जोडणारी सिस्टमची फाइल) उघडून बघा. विंडोजवर नोटपॅडने ती हळूच टीएक्सटी एक्स्टेन्शन लावून सेव्ह केलेली असते आणि एक्स्टेन्शन लपवलेली असल्यामुळे नजरेला सगळं ठीक दिसतं.

पान नुसतंच लोड होत राहतं, ना एरर ना उत्तर, असं झालं तर पोर्ट कोणीतरी धरलाय पण तो प्रोग्राम जागा नाही. याचं सर्वांत नेहमीचं कारण पुढे येतंच आहे. आणि ४०३, ४०४ किंवा ५०२ असा आकडा दिसला तर सर्व्हर आहे आणि बोलतोय. तो तुमचाच आहे का, एवढं तपासायचं राहिलं. त्यासाठी ब्राउझर सोडा आणि कर्लला (कमांड लाइनवरून पान मागवणारा प्रोग्राम) कॅपिटल आय फ्लॅग देऊन फक्त हेडर मागवा. ‘सर्व्हर’ नावाची ओळ पुष्कळदा सगळं सांगून जाते: तुम्ही फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) चालवताय आणि तिथे अपाची लिहिलंय, तर कोड वाचत बसण्यात अर्थ नाही.

पोर्टवर कोण बसलंय

टर्मिनलमध्ये "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" असं आलं की बसणारा शोधायचा. विंडोजवर नेटस्टॅटला ए, एन, ओ हे फ्लॅग एकत्र देऊन चालवा. शेवटच्या रकान्यात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) मिळतो, तो टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये शोधा. फक्त ‘लिसनिंग’ असलेली ओळ धरा. ३००० शोधताना फाइंडस्टर ३०००१ च्या ओळीही दाखवतो, आणि ‘टाइम वेट’वाल्या ओळींपुढे पीआयडी ० दिसतो. त्या ओळी निरुपद्रवी आहेत.

याच कामाला लिनक्सवर एसएस, मॅकवर एलएसओएफ ही कमांड. इथे एक खाचखळगा आहे. एलएसओएफला पोर्ट देऊन जे पीआयडी येतील ते सगळे किल नाइनला (प्रोसेस जबरदस्तीने मारणाऱ्या कमांडला) द्या, अशी एका ओळीची कमांड सर्रास फिरते. पण एलएसओएफ त्या पोर्टवर ऐकणाऱ्याबरोबरच त्या पोर्टला जोडलेल्यांचीही यादी देतो. म्हणजे लोकलहोस्ट उघडून ठेवलेला तुमचा ब्राउझरही त्यात आला. सर्व्हर मारायला गेलात आणि ब्राउझर मेला, हे त्यामुळेच होतं. टीसीपीची अवस्था ‘लिसन’ अशी अट घाला, मग बहुधा एकच पीआयडी उरतो.

आता ते लोड होत राहणारं पान. कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबून सर्व्हर "बंद" करण्याची सवय पुष्कळांना असते. टर्मिनलचा प्रॉम्प्ट परत येतो म्हणून वाटतं की बंद झाला. लिनक्स आणि मॅकवर कंट्रोल-झेडने प्रोसेस संपत नाही, गोठते. गोठलेली प्रोसेस पोर्ट सोडत नाही. ब्राउझरने जोडणी मागितली की कर्नल ती स्वीकारून रांगेत ठेवतो, पण उत्तर देणारा गोठलेला, म्हणून पान फिरत बसतं. त्यावर साधा किल दिला तरी काही होत नाही, कारण तो सिग्नल प्रोसेस पुन्हा चालू होईपर्यंत ताटकळत राहतो. मग "किलसुद्धा चालत नाही, पोर्ट करप्ट झालाय" असं निदान होतं. पोर्ट करप्ट वगैरे होत नसतो. जॉब्स कमांडने बघा, एफजीने पुढे आणा, कंट्रोल-सी दाबा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पोरकी प्रोसेस. एनपीएमने (नोडच्या पॅकेज मॅनेजरने) स्क्रिप्ट चालवली की एनपीएम शेल उघडतो आणि शेल नोड सुरू करतो. वरच्याला मारलं किंवा एडिटरची खिडकी फाडकन बंद केली की खालचा नोड कधी कधी तसाच मागे राहतो. असं वारंवार होत असेल तर एडिटर बंद करण्याआधी त्यातला सर्व्हर बंद करायची सवय लावणं हाच उपाय, दुसरा शोधत बसू नका.

काही डेव्ह सर्व्हर पोर्ट अडलेला दिसला की गुपचूप पुढचा घेतात. व्हीट (फ्रंटएंडचा डेव्ह सर्व्हर) ५१७३ मोकळा नसेल तर ५१७४ वर उठतो. टर्मिनलमध्ये तसं लिहिलेलं असतं, पण ती ओळ वाचतो कोण? तुम्ही बुकमार्कमधून ५१७३ उघडता, तिथे कालचा विसरलेला सर्व्हर जुना कोड दाखवत असतो, आणि "बदल दिसतच नाहीत" म्हणून कॅशे साफ करण्यात अर्धा तास जातो. शिवाय पोर्ट बदलला की ओरिजिन (ब्राउझरच्या लेखी साइटची ओळख) बदलतो. मग सीओआरएसचे (दुसऱ्या ओरिजिनकडची विनंती अडवल्याचे) एरर येतात, गूगल लॉगिनचा कॉलबॅक पत्ता जुळत नाही. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये ‘स्ट्रिक्टपोर्ट’ चालू करून ठेवा: ठरलेला पोर्ट मिळाला नाही तर सर्व्हरने उठूच नये. या सोयीने वाचवलेल्या वेळापेक्षा तिने घालवलेला वेळ जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मारला तरी परत उठतो

प्रोसेस मारली, दोन सेकंदांत त्याच पोर्टवर नव्या पीआयडीने हजर. याचा अर्थ तिच्यावर कोणीतरी मालक आहे आणि त्याचं कामच तिला जिवंत ठेवणं हे आहे. उबुंटूवर एपीटीने अपाची, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस टाकलं की ती सर्व्हिस त्याच क्षणी सुरू होते आणि पुढे दर बूटला उठते. कधीतरी एका ट्युटोरियलसाठी अपाची टाकलेला असतो, तो विस्मरणात जातो, आणि नंतर एनजिनएक्सला ८० नंबर पोर्ट मिळत नाही. सिस्टमसीटीएल या सर्व्हिस सांभाळणाऱ्या कमांडने ‘स्टॉप’ दिलंत तर आजचा दिवस निभावेल. ‘डिसेबल’ दिलंत तर उद्याचाही. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरच्या ब्रू सर्व्हिसेसने ‘स्टार्ट’ केलेलं सगळं लॉगिन झाल्या झाल्या परत येतं. एकदाच हवं असेल तर ‘रन’ द्या.

डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) हाच खेळ रिस्टार्ट पॉलिसीतून चालतो. कंपोज फाइलमध्ये ‘रिस्टार्ट: ऑलवेज’ लिहिलेला कंटेनर तुम्ही हाताने थांबवलात तरी डॉकर पुन्हा सुरू झाला की उठून बसतो. ‘अनलेस-स्टॉप्ड’ असेल तर तुमचं थांबवणं तो लक्षात ठेवतो. सहा महिन्यांपूर्वी सोडलेल्या प्रोजेक्टचा डेटाबेस ३३०६ अडवून बसलेला असतो तो याच एका शब्दामुळे. लोकल मशीनवर ‘ऑलवेज’ची गरज मला तरी अजून पटलेली नाही.

पोस्टग्रेसची एक वेगळी गंमत. डेबियन आणि उबुंटूवर जुनी आवृत्ती असताना नवी टाकली तर दोन्ही शेजारी शेजारी राहतात. जुनी ५४३२ वर, नवी ५४३३ वर. एरर कुठेच येत नाही. फक्त मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) एका डेटाबेसवर चालतं आणि अ‍ॅप दुसऱ्याला विचारत असतं.

कोणीच बसलेलं नाही, तरी परवानगी नाही

विंडोजवरचा हा प्रकार सगळ्यांत जास्त डोकं खातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लक्षणं अशी. नोड म्हणतो ईअ‍ॅक्सेस, परमिशन डिनाइड. डॉकर म्हणतो पोर्ट उपलब्ध नाही, सॉकेट वापरायला मनाई आहे. विनसॉकचा कोड १००१३. नेटस्टॅटमध्ये त्या पोर्टची एकही ओळ नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं तरी तेच. मशीन रिस्टार्ट केलं की कधी चालतं, कधी नाही, आणि ३००० चालला तर त्या दिवशी ५१७३ रुसलेला असतो. अँटिव्हायरस बंद करणं, फायरवॉलमध्ये नियम घालणं यात लोक दिवस घालवतात.

इथे "इन यूज" आणि "परमिशन डिनाइड" यातला फरकच किल्ली आहे. पोर्ट कोणी वापरत नाहीये, तो राखीव ठेवला गेलाय. हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारं), डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स), डॉकर डेस्कटॉप यांपैकी काही चालू असेल तर विंडोजची विननॅट ही नेटवर्कची सर्व्हिस बूटच्या वेळी पोर्टचे गट्ठेच्या गट्ठे स्वतःकडे राखून ठेवते. कोणते गट्ठे, ते प्रत्येक बूटला बदलू शकतं. रिस्टार्टने कधी काम होणं आणि कधी न होणं यामागे एवढंच आहे.

राखीव पोर्टची यादी नेटएसएच या विंडोजच्या कमांडमधून बघता येते: इंटरफेस आयपीव्ही४, शो, एक्सक्लूडेडपोर्टरेंज, आणि प्रोटोकॉल म्हणून टीसीपी. दोन रकाने येतात, सुरुवातीचा पोर्ट आणि शेवटचा पोर्ट. तुमचा ३००० उदाहरणार्थ २९८० ते ३०७९ या ओळीच्या पोटात सापडला की निदान पक्कं.

तात्पुरता इलाज: अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये विननॅट ‘नेट स्टॉप’ने थांबवा, आपला सर्व्हर उठवा, मग विननॅट ‘नेट स्टार्ट’ने पुन्हा सुरू करा. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुढच्या बूटला परत तेच रडगाणं.

कायमचा इलाज करायला आणखी एक गोष्ट बघा. त्याच नेटएसएचमध्ये ‘शो डायनॅमिकपोर्ट टीसीपी’ विचारा. विंडोजची डायनॅमिक पोर्टची रेंज ४९१५२ पासून १६३८४ पोर्ट, म्हणजे ६५५३५ पर्यंत असायला हवी. काही मशीनवर ती १०२४ पासून सुरू झालेली दिसते. मग विननॅटला गट्ठे राखायला खालचं सगळं रान मोकळं मिळतं आणि ३०००, ५१७३, ८०८० हे तुमचे पोर्ट त्यात अधूनमधून सापडतात. ‘सेट’ वापरून स्टार्ट ४९१५२ आणि नम १६३८४ करा. आयपीव्ही४ साठी एकदा, आयपीव्ही६ साठी एकदा. मग रिस्टार्ट.

रेंज आधीच बरोबर असूनही त्रास होत असेल तर आपला पोर्ट आपणच आधी राखून ठेवायचा. विननॅट थांबवून नेटएसएचमध्ये ‘अ‍ॅड एक्सक्लूडेडपोर्टरेंज’ने ३००० पासून १ पोर्ट, स्टोअर पर्सिस्टंट. असा हाताने राखलेला पोर्ट यादीत तारांकित दिसतो. विंडोज तो आपोआप कोणाला देत नाही, पण तुमच्या सर्व्हरने नाव घेऊन मागितला तर देतं.

आणि रिस्टार्ट म्हणजे मेनूतला ‘रिस्टार्ट’च. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केल्यावर विंडोज कर्नल नव्याने उठत नाही, हायबरनेट केलेला परत आणतं. "बंद करून चालू केलं, फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरंच असतं.

विंडोजवरच ८० नंबरला पीआयडी ४, ‘सिस्टम’ बसलेला दिसला तर तो मारता येत नाही आणि मारायचाही नसतो. तो कर्नलमधला एचटीटीपी डॉट एसवायएस. त्याच्या आडून कोणीतरी पोर्ट मागितलेला असतो, बहुधा आयआयएसची वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस किंवा एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस. नेटएसएचमध्ये ‘एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट’ विचारलं की मागच्याचा पत्ता लागतो. त्याचा स्टार्टअप टाइप ‘मॅन्युअल’ करून टाका.

मॅकवाल्यांसाठी याचंच लहान भावंड. मॅकओएस माँटेरेपासून, म्हणजे २०२१ पासून, एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० हे पोर्ट घेतो. फ्लास्कचा डीफॉल्ट ५०००. एलएसओएफमध्ये कंट्रोल सेंटरचं अर्धवट तुटलेलं नाव दिसतं, ब्राउझरमध्ये ४०३ येतो, आणि हेडरमध्ये सर्व्हर म्हणून ‘एअरट्यून्स’. प्रोसेस मारून उपयोग नाही, परत उठते. सेटिंग्जमध्ये एअरड्रॉप आणि हँडऑफखाली रिसीव्हर बंद करा, नाहीतर फ्लास्कला ५००१ द्या.

लोकलहोस्टचे पत्ते दोन

सर्व्हर चालू, पोर्ट बरोबर, तरी कनेक्शन रिफ्यूज्ड. एरर नीट बघितला तर त्यात १२७.०.०.१ ऐवजी ::१ दिसेल. लोकलहोस्ट या नावामागे आयपीव्ही४ चा एक आणि आयपीव्ही६ चा एक असे दोन पत्ते असतात. १६ व्या आवृत्तीपर्यंत नोड आयपीव्ही४ ला आधी विचारायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून सिस्टमने ज्या क्रमाने पत्ते दिले त्याच क्रमाने तो घेतो, आणि तो क्रम पुष्कळ मशीनवर ::१ पासून सुरू होतो. तुमचा डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर भेट होणार कशी? नोड २० पासून दोन्ही पत्ते आपोआप आजमावले जातात, म्हणून एकाच टीममध्ये एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे नाही. उलटही होतं: व्हीट ::१ वर ऐकतोय आणि तुम्ही १२७.०.०.१ टाइप करताय. डेटाबेसच्या कनेक्शनमध्ये सरळ १२७.०.०.१ लिहा.

मायएसक्यूएलचा लोकलहोस्ट आणखी निराळा. लिनक्स आणि मॅकवर मायएसक्यूएलचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ दिसला की नेटवर्कवर जातच नाही, सॉकेट फाइल (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामना जोडणारी खास फाइल) शोधतो. पीएचपीमध्ये २००२ नंबरचा "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" हा एरर येतो तो यामुळेच. लोक बिचारे आपल्या प्रोजेक्टमधली फाइल शोधत बसतात. याहून वाईट म्हणजे डॉकरमधला मायएसक्यूएल ३३०७ वर ठेवून क्लायंटला लोकलहोस्ट आणि ३३०७ दिलंत, तर पोर्टकडे काणाडोळा होऊन तुम्ही मशीनवरच्या दुसऱ्याच मायएसक्यूएलमध्ये जाऊन पोचता. पासवर्ड चुकल्याचा एरर येतो आणि पासवर्ड तर बरोबर असतो.

डॉकरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. पीएचपीच्या कंटेनरमधून डेटाबेसला लोकलहोस्ट म्हणून हाक मारली तर तिथे कोणी नसणारच. कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव वापरा. आणि आतला डेव्ह सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर पोर्ट कितीही मॅप केलात तरी बाहेरून "एम्प्टी रिस्पॉन्स" येईल. त्याला ०.०.०.० वर ऐकायला लावा.

झॅम्पमधला मायएसक्यूएल

"मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली." या लाल ओळीवर इतके चुकीचे उपाय फिरतात की एक गोष्ट आधीच सांगतो: आयबीडेटा१ ही फाइल डिलीट करू नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. इनोडीबी या टेबलं साठवणाऱ्या इंजिनच्या सगळ्या टेबलांची नोंदवही त्यात असते. ती गेली की सर्व्हर सुरू होतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग प्रत्येक टेबल "इंजिनमध्ये अस्तित्वात नाही" असं १९३२ नंबरच्या एररने सांगू लागतं.

आधी सर्व्हर बंद असताना मायएसक्यूएलच्या ‘डेटा’ फोल्डरची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. मग त्याच फोल्डरमधला मायएसक्यूएल एरर लॉग उघडा आणि शेवटून वर वाचत जा. ३३०६ बांधता आला नाही असं असेल तर वरचा सगळा पोर्टचा पाढा. ‘आरिया रिकव्हरी फेल्ड’ असं असेल तर लॉगच तुम्हाला पुढचं सांगतो: आरिया चेक चालवा, आकडेवाल्या आरिया लॉग फाइल काढा. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल या नावाखाली प्रत्यक्षात मारियाडीबी असतो, म्हणून हे आरिया (मारियाडीबीचं एक स्टोरेज इंजिन) प्रकरण. दर काही दिवसांनी हेच होत असेल तर कंट्रोल पॅनलमधून मायएसक्यूएल थांबवल्याशिवाय मशीन बंद होतंय. लिहिणं अर्धवट असताना प्रोसेस मेली की हे व्हायचंच.

डॉकरवाल्यांची तक्रार वेगळी असते: एन्व्ह (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये रूट पासवर्ड बदलला, कंटेनर नव्याने बांधला, तरी जुनाच चालतो. मायएसक्यूएलची इमेज ती मूल्यं फक्त डेटा फोल्डर रिकामं असताना, पहिल्या वेळीच वाचते. व्हॉल्यूम जुना तर पासवर्ड जुना. ‘डाउन’ला व्ही फ्लॅग लावला की व्हॉल्यूम जातो, पण त्यातला डेटाही जातो. त्यापेक्षा आत जाऊन पासवर्ड बदला.

ब्राउझरची स्मरणशक्ती

सर्व्हर निर्दोष सुटला की ब्राउझरकडे वळा. त्याआधी खाजगी विंडोत उघडून बघा. तिथे चालतंय आणि नेहमीच्या विंडोत नाही, तर पुढचंच वाचा.

एका प्रोजेक्टने ३००० वर सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्येच राहून पान पुरवणारी स्क्रिप्ट) नोंदवला असेल तर त्याच पोर्टवर दुसरा प्रोजेक्ट उठवल्यावरही जुनंच पान दिसतं, कधी कधी सर्व्हर बंद असतानाही. डेव्हटूल्सच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमधून तो काढा. ३०१ (कायमचा) रीडायरेक्टही ब्राउझर जपून ठेवतो, म्हणून लोकलवर ३०२ (तात्पुरता) वापरा.

कुकी पोर्ट ओळखत नाही. लोकलहोस्टवरच्या सगळ्या पोर्टच्या कुकी एकाच डब्यात जातात. एका प्रोजेक्टमध्ये लॉगिन केलं की दुसऱ्यातून लॉगआउट होतो तो सेशन कुकीचं नाव सारखं असल्यामुळे. हाच डबा भरत भरत एक दिवस ४३१ येतो, हेडर फार मोठं झालं म्हणून. नोडची मर्यादा १६ किलोबाइटची आहे. लोकलहोस्टच्या कुकी पुसल्या की मिटलं.

लोकल डोमेनला डॉट डेव्ह लावत असाल तर ते सोडा. डिसेंबर २०१७ मधल्या क्रोम ६३ पासून डॉट डेव्हवर एचटीटीपीएस सक्तीचं आहे आणि ती सक्ती ब्राउझरच्या आतच कोरलेली आहे, सेटिंगमधून जात नाही. डॉट लोकल नको, कारण ते एमडीएनएस (लोकल नेटवर्कवर नाव शोधण्याची पद्धत) वापरतं आणि नाव शोधण्यातच वेळ काढतं. डॉट टेस्ट १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे.

बदल केला, दिसत नाही

लिनक्सवर ईएनओएसपीसी, "डिव्हाइसवर जागा नाही" असा एरर आला आणि डिस्क अर्धी रिकामी असेल तर फाइल डिलीट करत सुटू नका. संपलेत ते फाइलवर नजर ठेवणारे वॉचर. ही नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायची जुनी मर्यादा ८१९२ होती, मोठ्या प्रोजेक्टला ती कुठून पुरणार. सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये ५२४२८८ करा. नुसती कमांड दिलीत तर बूटनंतर पुन्हा जुनाच आकडा.

डब्ल्यूएसएल २ मध्ये प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर असेल तर फाइल बदलल्याची खबर लिनक्सपर्यंत पोचत नाही, शिवाय सगळं रेंगाळतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. एन्व्ह फाइल बदललीत तर सर्व्हर बंद करून परत उठवा, बहुतेक ठिकाणी ती सुरुवातीलाच वाचली जाते. पीएचपीची आयएनआय बदलून फरक पडत नसेल तर पीएचपीइन्फोमध्ये ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ बघा. कमांड लाइनची आयएनआय एक आणि अपाचीची दुसरी असते.

नोड मॉड्यूल्स खरंच कधी उडवायचं

हा सल्ला ऊठसूट दिला जातो, पण त्याची एक योग्य वेळ आहे. एरर म्हणतो की मॉड्यूल वेगळ्या नोड आवृत्तीसाठी कंपाइल झालंय, मॉड्यूल व्हर्जन १०८ आहे आणि ११५ हवं. १०८ म्हणजे नोड १८, ११५ म्हणजे नोड २०. इथे एनपीएम रीबिल्ड पुष्कळदा पुरतं, नाहीतर फोल्डर काढून पुन्हा इन्स्टॉल करा.

पण तेच दर दोन दिवसांनी करावं लागत असेल तर घोळ एनव्हीएममध्ये (नोडच्या आवृत्त्या बदलणाऱ्या साधनात) आहे. लिनक्स आणि मॅकवर ‘एनव्हीएम यूज’ने बदललेली आवृत्ती त्या एका टर्मिनलपुरती असते. नवं टर्मिनल उघडलं की डीफॉल्ट आवृत्ती परत. एका खिडकीत नोड २० ने इन्स्टॉल, दुसरीत नोड १८ ने सर्व्हर, आणि दोन्ही खिडक्या दिसायला सारख्या. ‘एलियस डीफॉल्ट’ एकदा नीट ठरवा, प्रोजेक्टच्या मुळाशी एनव्हीएमआरसी फाइलमध्ये आवृत्ती लिहून ठेवा, आणि इन्स्टॉल करताना लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) डिलीट करू नका, नाहीतर आवृत्तीचा घोळ सुटेल आणि पॅकेजेसचा सुरू होईल.